ती वही बरोबर घेऊन जा

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेल काल रात्री वाचला. मंगळवारी वाळूजच्या बिअर कारखान्यात मुलाखत आहे आणि तू विचारतेस, "काका, घरी केलेल्या बिअरबद्दल बोलू की नको?" त्याच्या आदल्याच दिवशी तुझ्या आईचा फोन येऊन गेला होता. पोरीच्या डोक्यात हे खूळ मीच घातलं असं तिचं ठाम मत आहे. खूळ लीड्सच्या थंडीने घातलं, मी फक्त पत्रांना उत्तरं दिली. पण तिच्यापुढे कोण बोलणार.

बोल. जरूर बोल. पण आधी कायद्याचं ऐक. इंग्लंडमध्ये १९६३ पासून स्वतःपुरती बिअर घरी करायला परवाना लागत नाही. तेव्हा लीड्सच्या स्वयंपाकघरात तू जे काही उकळलंस ते छाती पुढे काढून सांग. बॅगेतून आणलेलं सामान मात्र कोथरूडच्या बाल्कनीत मांडू नकोस. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय दारू गाळणं काय, बिअर आंबवणं काय, त्याच्या लेखी गुन्हाच. तू ज्या कारखान्यात निघाली आहेस तो उभाच मुळी परवान्यावर आहे. तिथे एक्साइजचं ऑफिस आवारातच असतं आणि लिटरा-लिटराचा हिशेब रजिस्टरला लागतो. अशा खोलीत बसून "सर, मी घरीपण करते" म्हणालीस, तर समोरचे हसतील आणि तुझ्या नावापुढे फुली मारतील. "इंग्लंडमध्ये करत होते, इथे करता येत नाही म्हणून बंद केलं," एवढं एक वाक्य पुरे. ते खरंही असू दे.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे बाईच्या स्वयंपाकाला मोठ्यात मोठी शाबासकी कोणती, तर 'हाताला चव आहे'. तीच आमटी, तेच तिखट-मीठ, पण मावशीच्या हातची वेगळी. तुझी बिअरही तशीच होती. तुझ्या लीड्सच्या घरातल्या मुली ती मिटक्या मारत प्यायल्या त्या तुझ्या हाताच्या चवीमुळे. मोठ्या ब्रूअरीत हाताची चव हा दोष धरतात. रात्रपाळीला शिंदे असो की खान, जानेवारीत माल भरो की मेमध्ये, बार्ली राजस्थानची येवो की हरियाणाची, बाटली उघडणाऱ्याला काही कळता कामा नये. तुला तिथे बिअर 'करायची' नाहीये. बिअर रोज थोडी इकडेतिकडे सरकायला बघते, तिला जागेवर आणून बसवायचंय. हे काम तुला कंटाळवाणं वाटणार असेल तर आत्ताच सांग. बाणेर-कोरेगाव पार्कात मायक्रोब्रूअऱ्या आहेत, तिथे आंब्याची नि कोकमाची बिअर करायला मिळेल, आणि त्यातही काही कमीपणा नाही.

पण मला तुझी ती बिअरच्या नोंदींची निळी वही आठवते. एकतीस बॅच. त्यातल्या चोवीस मला फारशा महत्त्वाच्या वाटत नाहीत. कॉफी घातलेली स्टाउट आणि ती संत्र्याच्या सालीची भानगड त्यातच आल्या. उरलेल्या सात मात्र सोनं आहेत. परीक्षेच्या काळात नवीन काही सुचेना म्हणून तू सात वेळा एकच इंग्लिश बिटर (बिअरचाच एक प्रकार) केलीस आणि दर वेळी ग्रॅव्हिटीचं, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनतेचं, रीडिंग वेगळं आलं. कधी १.०३९, कधी १.०४५. मग तूच शोधून काढलंस की उकळताना पातेल्यावर झाकण किती सरकवलेलं आहे त्यावर पाणी कमी-जास्त उडतं आणि आकडा हलतो. शेवटी झाकणाच्या कडेला खडूची खूण केलीस म्हणे. मुलाखतीत हेच सांग. 'माझी सर्वांत चांगली बिअर' हा विषय कुणी काढला तरी गाडी या झाकणावर आणून उभी कर. वही बरोबर ने, पण विचारल्याशिवाय उघडू नकोस. आणि हो, आकडे प्लेटोमध्ये बोल, म्हणजे शंभर भागांत साखर किती त्या मापात. १.०४० म्हणजे साधारण १० प्लेटो, १.०४८ म्हणजे १२. ग्रॅव्हिटी तुमच्या घरगुती हायड्रोमीटरची भाषा; कारखान्यात सगळे प्लेटोतच बोलतात.

तू एम.एस्सी.ला टी-टेस्ट शिकलीस ना? ती ज्याच्या नावावर आहे तो 'स्टुडंट' म्हणजे डब्लिनच्या गिनेसमध्ये नोकरी करणारा विल्यम गॉसेट. हातात मोजकेच नमुने असताना त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा, हा त्याचा प्रश्न होता. त्यावरचा निबंध त्याने १९०८ मध्ये टोपणनावाने छापला. पुढच्याच वर्षी कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत सोरेन्सनने पीएच मोजण्याची पट्टी काढली. बिअरवाल्यांनी जगाला काय दिलं म्हणून कुणी नाक मुरडलं (तुझी आई मुरडेल) तर हे सांगायला बरं. मुलाखतीत मात्र हा इतिहास पाजळू नकोस. सात बॅचवरून निष्कर्ष काढायला तू का कचरलीस, एवढं विचारलं तर सांग.

एक प्रश्न हमखास येईल: "आमची बिअर कशी वाटते?" इथे घरी बिअर करणारी बहुतेक पोरं आपटतात. त्यांना फिकी लागर, म्हणजे नेहमीची पिवळी बिअर, पाणी वाटतं, तांदूळ-मका-साखर म्हणजे भेसळ वाटते आणि ते चेहऱ्यावर दिसतं. अगं, काळ्या स्टाउटमध्ये भाजलेल्या माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या) आड चार चुका लपतात. कडवट आयपीएमध्ये हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या) आड आठ लपतात. फिक्या लागरमध्ये लपायला जागाच नसते. पांढऱ्या सदऱ्यावरच्या डागासारखं सगळं दिसतं. आपल्याकडे खप आहे स्ट्राँगचा, त्यातही मऊपणा राखणं सोपं नाही. तेव्हा जायच्या आधी त्यांची बाटली आण, दोन वेगवेगळ्या तारखांची आण, शेजारी शेजारी ठेवून वास घे, आणि जे सापडेल ते तसंच सांग. जुनीत ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर तेही सांग, फक्त हवा शिरली असेल की गोदामात तापली असेल हे त्यांनाच विचार.

आता माझी एक फजिती. मी तेव्हा सेलरला, म्हणजे बिअर आंबवायच्या टाक्यांच्या विभागात, ट्रेनी होतो. कुठल्या कारखान्यात ते सोड. एप्रिल महिना, डिस्पॅचवाले दर तासाला फोन करताहेत. एका टाकीत पाचशे हेक्टोलिटर, म्हणजे पन्नास हजार लिटर. तुझ्या एकतीस बॅच मिळून सहाशेवीस लिटर होतात. तेवढी तर आमची पाइप धुताना जाते. टाकीचं प्लेटो खाली बसलं होतं, कागदावर आंबणं संपलेलं. लॅबचा डायसेटिलचा (बिअरला लोण्याचा वास आणणारं द्रव्य) रिपोर्ट मात्र यायचा होता. यीस्ट आधी डायसेटिल बाहेर टाकतं आणि मग सवडीने स्वतःच परत गिळतं, त्यासाठी त्याला एक-दोन दिवस उबेत राहू द्यावं लागतं, हे मला पाठ होतं. तरी रात्री दोनला मी थंडी सुरू केली. यीस्ट गारठून तळाला बसलं आणि डायसेटिल तिथंच राहिलं.

आठवड्याने ब्राइट टँकवरून, म्हणजे तयार बिअरच्या टाकीवरून, ग्लास भरला. फेस छान, रंग छान. नाकाशी नेला तर बेकरीत खारीचा डबा उघडल्यासारखा लोण्याचा वास. मला आजही खारी खाता येत नाही.

काही माल वाचला, काही सोडून द्यावा लागला. सोडूनही कसा द्यायचा? एक्साइजच्या अधिकाऱ्यासमोर, पंचनामा करून. आणि गटारात ओतायची सोय नाहीच. सगळं सांडपाण्याच्या प्लांटकडे. तिथला ऑपरेटर हात जोडून आला, "साहेब, एकदम सोडू नका, माझे बॅक्टेरिया मरतील." पाच-सहा दिवस थोडं थोडं करून सोडत होतो. मी रोज तिकडून जाताना मान खाली घालायचो.

नोकरी गेली नाही, कारण लॉगबुकात मी खरी वेळ लिहिली होती: ०२.१०, कूलिंग चालू, लॅब रिपोर्ट बाकी, खाली सही. हेड ब्रूअरने ते पान दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "पुढच्या वेळी मला उठवायचं." बस. तेव्हा तुला विचारतील, रात्री तीनला टाकीचं तापमान चढतंय, काय करशील? घरी सवय असते स्वतःच काहीतरी करून बघायची. तू आधी काय बघशील ते सांग (टाकी थंड ठेवणाऱ्या ग्लायकॉलचा व्हॉल्व्ह, सेन्सर खोटा बोलतोय का), आणि मग कुणाला उठवशील ते सांग. दुसरा भाग पहिल्याइतकाच ऐकला जातो.

बिघडलेल्या बॅचबद्दलही विचारतील. तुझी ती आंबट झालेली सांग. नळीचं टोक नीट धुतलं नव्हतंस ना? तिथे सीआयपीने, म्हणजे टाक्या-पाइप न उघडता जागच्या जागी, सगळं धुतात, कॉस्टिक, पाणी, ॲसिड, पण तत्त्व तुझ्या नळीचंच. यीस्टचं म्हणशील तर विरजण सांभाळण्यासारखंच आहे, फक्त रोज सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं, रंग घातल्यावर मेलेल्या पेशी निळ्या दिसतात त्या वेगळ्या मोजायच्या, आणि ठरावीक पिढ्यांनंतर जुनं टाकून लॅबमधून नवं काढायचं. हे तू पटकन शिकशील.

एका बाबतीत मात्र घरचा अनुभव कामाचा नाही, उलट धोक्याचा आहे. लीड्सला जिन्याखालच्या कपाटात तुझी बरणी बुडबुडे सोडायची, तू दार उघडून आत वाकायचीस. इथे आंबणाऱ्या टाकीतून तोच कार्बन डायऑक्साइड निघतो, पण माणूस मारण्याइतका. हवेपेक्षा दीडपट जड असतो, खड्ड्यात, रिकाम्या टाकीच्या तळाशी साचून राहतो, दिसत नाही. परवाना, गॅस मीटर आणि बाहेर उभा राहणारा माणूस, यांच्याशिवाय टाकीत डोकंही घालायचं नसतं. आत कुणी पडलेला दिसला तर मागोमाग धावत शिरायचं नाही, अलार्म द्यायचा. वाचवायला गेलेलाच दुसरा जातो. हा प्रश्न त्यांनी विचारला नाही तर तू विचार, तुमच्याकडे टँक एंट्रीची पद्धत काय आहे म्हणून. मुलाखत घेणाऱ्याची पाठ ताठ होते की नाही बघ.

दुसरं विचारायचं ते पाण्याबद्दल. एक लिटर बिअरला तुमच्याकडे किती लिटर पाणी लागतं? चांगले कारखाने चारच्या आत आणतात. वाळूजला जायकवाडीचं पाणी येतं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी गेलं आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्याला मोठी कात्री लावली. तिथल्या माणसांना तो उन्हाळा लक्षात आहे. पुण्याहून आलेल्या मुलीने पाण्याचा विषय काढला तर ते खुर्चीत पुढे सरकून बोलतील. तुझ्याबरोबर मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधून मद्यनिर्मिती शिकून आलेली मुलंही असतील मुलाखतीला. पुस्तकात ती तुझ्या पुढे आहेत. घाबरू नकोस, आणि त्यांच्यासमोर लीड्स लीड्स करू नकोस.

बाकी किरकोळ. पायात बंद बूट घाल, प्लांट दाखवायला नेतात आणि सँडल असेल तर गेटवरच अडवतात. परफ्यूम नको, वास घ्यायला ग्लास हातात दिला तर तुझाच वास मध्ये येईल. सकाळी मिसळ खाऊ नकोस. पगाराचा आकडा पहिल्यांदा त्यांना बोलू दे. रात्रपाळीची बस मुलींसाठी घरापर्यंत येते का, हे न लाजता विचार.

आणि आईची काळजी करू नकोस. माझ्या लग्नाच्या वेळी आमच्या घरच्यांनी पत्रिकेबरोबरच्या कागदावर 'केमिकल इंजिनिअर, फूड कंपनी' असं लिहिलं होतं. तुझ्या काकूला साखरपुड्यानंतर कळलं. मंगळवारी सुटलीस की सरळ आमच्याकडे ये, भरीत-भाकरी करून ठेवायला सांगतो. तुझ्या आईला तोवर मी फोन करतो.

तुझा,
काका