‘चर्चगेट’मधले गेट नेमके कुठले?

विचारणा अशी आहे की मुंबईतील चर्चगेट स्थानकाच्या परिसरात प्रवेशद्वार म्हणावे असे काहीच नसताना हे नाव आले कोठून, आणि ‘चर्चगेट’ याचा विग्रह ‘चर्चचे गेट’ असा करावा काय.

हे गेट चर्चचे नव्हे, किल्ल्याचे होते. जुने मुंबईकर ज्याला ‘कोट’ म्हणत, त्या फोर्टच्या तटबंदीला अपोलो, चर्च आणि बाजार असे तीन दरवाजे होते. त्यांपैकी पश्चिमेकडच्या दरवाज्यातून आत शिरून सरळ चालत गेले की सेंट थॉमसचे चर्च लागे, म्हणून तो चर्चगेट. तेव्हा ‘चर्चकडे नेणारे गेट’ हाच विग्रह योग्य ठरतो. आपल्याकडे दरवाज्याला बहुधा बाहेरच्या दिशेचे नाव मिळते. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेला तोंड करून आहे आणि औरंगाबादचा मक्का दरवाजा पश्चिमेला. चर्चगेटचे नाव मात्र बाहेरून आत येणाऱ्याच्या नजरेने ठेवलेले दिसते, आणि मला या नावातली खरी गंमत तीच वाटते. (‘अपोलो’चा ग्रीक देवाशी संबंध नसावा; ‘पालवा’ या देशी नावाचे ते इंग्रजी वळण मानले जाते.)

ज्या चर्चमुळे हे नाव पडले, त्याचा पाया 1676 मध्ये गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअरच्या काळात घातला गेला. पुढे काम सुमारे चाळीस वर्षे रखडले आणि 1718 च्या नाताळात ते उपासनेसाठी खुले झाले. 1860 च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत तट पाडले गेले, त्याबरोबर दरवाजाही गेला. तो जेथे होता त्या जागी, निदान तिच्या अगदी लगत, 1864 मध्ये फ्लोरा फाउंटन उभे राहिले. त्याच चौकाला संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानंतर ‘हुतात्मा चौक’ हे नाव मिळाले.

दरवाजा गेला तरी चर्चगेट स्ट्रीट हे रस्त्याचे नाव उरले. हॉर्निमन सर्कलपासून मरीन ड्राइव्हपर्यंत जाणारा हा रस्ता आता वीर नरिमन रोड आहे. मुंबईचे महापौर राहिलेले आणि बॅकबे भरावातला गैरव्यवहार चव्हाट्यावर आणणारे खुर्शेद फ्रामजी नरिमन हेच ते वीर नरिमन. रस्त्याच्या पश्चिम भागात एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने आखलेली, 1899 मध्ये पूर्ण झालेली बी.बी.सी.आय. रेल्वेची, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेची, मुख्य कचेरी आहे. तिच्या माथ्यावरच्या पुतळ्याच्या हातात चक्क रेल्वेचे इंजिन आहे. जवळच आर्ट डेको शैलीतले 1938 चे इरॉस चित्रपटगृह आहे.

म्हणजे मूळ दरवाजा आजच्या स्थानकापासून बराच पूर्वेला होता. रस्त्याचे नाव बदलले, पण स्थानकाने जुने नाव धरून ठेवले आणि हळूहळू ते भोवतालच्या परिसरालाही चिकटले.

लेखनाचा प्रश्न सोपा आहे. ‘चर्च गेट’ असे तोडून न लिहिता एक विशेषनाम म्हणून जोडूनच लिहावे. सामान्यनाम असलेल्या ‘गेट’चे ‘गेटाबाहेर’ असे सामान्यरूप बोलण्यात ऐकू येते, परंतु ‘चर्चगेटाला उतरलो’ असे कोणी म्हणत नाही. आपण ‘चर्चगेटला’च उतरतो.