जर्मनीत घर मांडायला येताना प्लग, ॲडाप्टर आणि मिक्सर

ताई, आपण सांगलीहून यजमान आणि मुलीसह श्टुटगार्टला कायमच्या राहायला येत आहात. त्यासाठी आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: ‘सगळ्या देशांत चालणारा’ ॲडाप्टर कोणता घ्यावा, न्यू जर्सीच्या जाऊबाई सांगतात तसा व्होल्टेज कन्व्हर्टर लागेल का, आणि घरचा मिक्सर, इस्त्री व इंडक्शनची शेगडी सोबत आणावी का. मी मूळचा साताऱ्याचा, आणि नोकरीनिमित्त बरीच वर्षे जर्मनीत राहतो. कन्व्हर्टर नको, मिक्सर अवश्य आणावा, इस्त्री आणि शेगडी सांगलीलाच कोणाला तरी देऊन टाकावी, हे माझे उत्तर आहे. ॲडाप्टरविषयी मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण चार दिवसांच्या पाहुण्याला जे चालते ते घर मांडणाऱ्याला चालतेच असे नाही.

जाऊबाईंचा सल्ला त्यांच्या जागी अगदी बरोबर आहे. अमेरिकेत घरातल्या सॉकेटला १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ वीज येते, तर आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. त्यामुळे सांगलीची १००० वॅटची इस्त्री तिकडे लावली तर जेमतेम पाव क्षमतेने तापते, आणि तिकडची १२० व्होल्टची वस्तू आपल्याकडे थेट लावली तर ती जवळजवळ चौपट वीज ओढून जळते. ॲडाप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, बदलत नाही. दाब बदलायला कन्व्हर्टर, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, लागतो आणि मिक्सर पेलणारा ट्रान्सफॉर्मर चांगलाच जड असतो. जर्मनीत मात्र महावितरणच्या विजेसारखेच २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ असल्याने हा प्रश्नच उद्भवत नाही. लॅपटॉप आणि मोबाइलच्या चार्जरवर तर बहुधा ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे छापलेलेच असते आणि ते दोन्हीकडे चालतात. साताऱ्याकडे फ्रिजला स्टॅबिलायझर लावायची सवय असते, पण इकडे त्याचीही गरज पडत नाही, म्हणून तो आणू नये.

आता पिनांकडे येऊ. आपल्याकडच्या नेहमीच्या ६ अँपिअरच्या प्लगला तीन गोल पिना असतात आणि त्यांतली वरची, अर्थिंगची पिन लांब व जाड असते. गीझर किंवा एसीचा १६ अँपिअरचा प्लग याच घडणीचा, पण आकाराने मोठा असतो. जर्मनीतल्या सॉकेटला ‘शुको’ म्हणतात. ते भिंतीत वाटीसारखे खोल असते, तळाशी दोन गोल छिद्रे असतात आणि कडेला समोरासमोर दोन धातूच्या पट्ट्या असतात. या पट्ट्या म्हणजेच अर्थिंग. शुको प्लगच्या पिना ४.८ मिलिमीटर जाडीच्या असतात आणि त्याची क्षमता १६ अँपिअर असते. मोबाइलच्या चार्जरला असतो तो चपटा दोन पिनांचा प्लग वेगळा. त्याच्या पिना ४ मिलिमीटरच्या असतात, त्याला अर्थिंग नसते आणि तो केवळ २.५ अँपिअरपर्यंतच्या वस्तूंसाठी आहे. आपले बहुतेक मोबाइल चार्जर याच घडणीचे असल्याने ते इकडे ॲडाप्टरशिवाय बसतात. मात्र काही साध्या भारतीय दोन पिनी प्लगच्या पिना किंचित जाड असतात. त्या जोर लावून घुसवल्या तर सॉकेटच्या आतल्या पट्ट्या फाकतात आणि पुढे त्यात काहीही लावले तरी ढिले बसते. भाड्याच्या घरात तर हे मुळीच करू नये.

अर्थिंगबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण आपल्याकडे या बाबतीत फार बेफिकिरी आहे. सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांत दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसावा म्हणून प्लगची तिसरी पिन काढून टाकलेली, किंवा प्लग नाही म्हणून नुसत्या वायरी छिद्रांत घालून काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट केलेल्या आपण पाहिल्या असतील. विमानतळावर आणि बाजारात मिळणारे पुष्कळसे ‘सर्वदेशीय’ ॲडाप्टर हेच काम नीटनेटक्या डब्यात करतात, असे मला त्यांच्याकडे पाहून वाटते. त्यांत आपला तीन पिनी प्लग बसतो खरा, पण अर्थिंगच्या पिनेसाठी ठेवलेले छिद्र आतून कशालाच जोडलेले नसते आणि जर्मन बाजूला दोनच पिना बाहेर येतात. प्लास्टिकच्या वेष्टनातल्या चार्जरला त्याने फरक पडत नाही. पण ज्या वस्तूचे अंग धातूचे आहे, तिच्या आतली वायर कधी अंगाला टेकली, तर तो प्रवाह वाहून नेणारा मार्गच उरत नाही आणि धक्का हात लावणाऱ्याला बसतो. जर्मनीत नव्या घरांत, विशेषतः न्हाणीघराच्या वायरिंगला, प्रवाहाची गळती ३० मिलिअँपिअर झाली की आपोआप वीज तोडणारा सुरक्षा-स्विच असतो. आपल्याकडे त्याच कामाच्या उपकरणाला ईएलसीबी म्हणतात. पण सगळ्याच जुन्या इमारतींत तो असेल असे गृहीत धरू नये.

म्हणून घ्यायचाच तर एका बाजूने भारतीय तीन पिना घेणारा आणि दुसऱ्या बाजूला शुकोसारखे गोल अंग व कडेला धातूच्या पट्ट्या असलेला, फक्त जर्मनीसाठीचा साधा ॲडाप्टर घ्यावा. त्यावर अँपिअर स्पष्ट छापलेले असावेत. गणपती पेठेतल्या किंवा आपल्या ओळखीच्या कोणत्याही वायरमनकडे मल्टिमीटर असतो. अर्थिंगच्या छिद्रात एक टोक आणि कडेच्या पट्टीवर दुसरे टोक ठेवून जोडणी आहे की नाही, हे त्याला क्षणात सांगता येईल. ॲडाप्टर कुठेही लावलेला नसताना ही तपासणी करावी. जोडणी नसेल तर तो चार्जरपुरता ठेवावा. सगळ्या देशांच्या पिना आत-बाहेर सरकणारा मोठा चौकोनी ॲडाप्टर मला स्वतःला पसंत नाही. तो वजनाने सॉकेटमध्ये खाली कलतो, खोल वाटीत पुरता बसत नाही, आणि ढिल्या जोडणीतूनच उष्णता निर्माण होते. वापरताना ॲडाप्टर हाताला गरम लागला किंवा करपल्याचा वास आला, तर तो त्याच दिवशी टाकून द्यावा.

कोणती वस्तू किती ओढते, याचा हिशेब सोपा आहे: वॅटला २३० ने भागावे. ६५ वॅटचा लॅपटॉप पाव अँपिअरच्या आसपास, ७५० वॅटचा मिक्सर सव्वातीन, १००० वॅटची इस्त्री साडेचारच्या जवळ आणि २००० वॅटची इंडक्शनची शेगडी पावणेनऊ अँपिअर घेते. मिक्सर सुरू होताना क्षणभर याहून बराच अधिक प्रवाह ओढतो, हेही लक्षात ठेवावे. त्यामुळे इस्त्री, शेगडी, केस वाळवायचे यंत्र आणि बादलीत सोडायची गरम पाण्याची रॉड यांपैकी काहीही ॲडाप्टरवर चालवू नये. रॉड तर आणूच नये. या वस्तू इकडे शुको प्लगसह सहज मिळतात आणि त्यांचे वजन सामानात आणण्याइतके मोलाचे नाही. आपण भारतीय स्पाइक गार्ड आणून त्याला एकच ॲडाप्टर लावण्याचा विचार लिहिला आहे. लॅपटॉप, मोबाइल आणि राउटर यांसाठी सुरुवातीला तो ठीक आहे, पण बोर्डावर पाच सॉकेट असले तरी सगळा प्रवाह त्या एका ॲडाप्टरमधूनच जातो, म्हणून त्यावर मिक्सरही लावू नये.

खरा उपाय वायर बदलण्याचा आहे. लॅपटॉपच्या चार्जरची भिंतीकडची वायर सहसा सुटी निघते. तिच्या टोकाला तीन छिद्रांचा, तिपानी घडणीचा जोड असतो. मॉनिटर, प्रिंटर आणि संगणकाच्या वायरी थोड्या मोठ्या जोडाच्या, पण तशाच सुट्या असतात. हे जोड जगभर सारखेच असल्याने इकडे आल्यावर शुको प्लगची वायर विकत घेतली, की ॲडाप्टर कायमचा सुटतो. मोबाइलचे तर आणखी सोपे झाले आहे, कारण युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना यूएसबी-सी जोड सक्तीचा आहे. म्हणून इथला एक चार्जर घेतला की घरातल्या बहुतेकांचे भागते.

मिक्सरची वायर मात्र यंत्रालाच जोडलेली असते, आणि तरीही मी तो आणा म्हणतो, कारण इथले मिक्सर बहुतांशी फळांचे पातळ पेय करण्यासाठीच बनवलेले असतात. कांदा-लसूण मसाला, ओल्या खोबऱ्याचे वाटण किंवा शेंगदाण्याची चटणी त्यांत आपल्या मनासारखी होत नाही. दाब आणि वारंवारता (हर्ट्झ) तीच असल्याने मोटरला काही अडचण येत नाही. जर्मनीत बाऊमार्क्ट म्हणतात त्या बांधकाम-साहित्याच्या दुकानांत सुटा शुको प्लग मिळतो. जुना प्लग कापून तो जाणकाराकडून बसवून घ्यावा. तपकिरी आणि निळ्या वायरी दोन पिनांना, आणि असल्यास हिरवी-पिवळी अर्थिंगला जाते. जुन्या भारतीय मिक्सरमध्ये लाल, काळी आणि हिरवी असे रंग असतील तर हिरवी अर्थिंगची समजावी. प्लग बदलेपर्यंत मिक्सर अर्थिंगच्या ॲडाप्टरवर, थोड्या थोड्या वेळासाठी आणि समोर उभे राहून चालवायला हरकत नाही. इकडच्या सॉकेटला खटका नसतो, म्हणून मिक्सरचे बटण बंद असल्याची खात्री करूनच प्लग घालावा व काढावा. मुलीलाही हे आधीच सांगून ठेवावे.

सुट्टीत शेजारच्या देशांत गेलात तर फ्रान्समध्ये आजकालचा बहुतेक शुको प्लग अर्थिंगसह चालतो. स्वित्झर्लंडमध्ये तो बसत नाही, चपटा दोन पिनी मात्र बसतो. लंडनला जाताना तिथला चौकोनी पिनांचा ॲडाप्टर वेगळा घ्यावा लागतो. त्या देशातल्या प्लगमध्येच फ्यूज असतो.

एकूण सामानात अर्थिंगचे दोन आणि चार्जरसाठी एक असे तीन ॲडाप्टर पुरतील. त्यांतला एक हातातल्या बॅगेत ठेवावा, म्हणजे मोठ्या बॅगा एखादा दिवस उशिरा आल्या तरी पहिल्या रात्री लॅपटॉप बंद पडणार नाही. पॉवर बँकही हातातल्याच बॅगेत असावी, कारण ती विमानात चेक-इन सामानात ठेवू देत नाहीत.