लिव्हरच्या जनुकांचा ध्यास घेतलेली लेक: नाद की करिअर?

नमस्कार दादा,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही केज तालुक्यात राहता. धाकट्या लेकीनं लातूरला दोन वर्षं नीटची तयारी केली, एमबीबीएसला नंबर लागला नाही, आता ती अंबाजोगाईत बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मधल्या काळात थोरलीचं बाळंतपण तुमच्याकडं झालं. बाळाला तिसऱ्या दिवशी कावीळ झाली, निळ्या लाइटखाली ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, ‘लिव्हर अजून तयार नाही, होईल हळूहळू.’ धाकटीनं तेवढंच धरून ठेवलं, की तयार होतं म्हणजे नेमकं काय होतं? आता तिला जनुकांवर संशोधन करायचंय. तुम्ही विचारता, हा नाद आहे की यात पोट भरेल? त्यापेक्षा बीएड नाहीतर डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून मोकळी झालेली बरी नाही का?

आधी तिच्या प्रश्नाकडं बघू. तो किती खोल आहे हे कळल्याशिवाय सल्ला देणं बरोबर होणार नाही.

बाळ पोटात असतं तेव्हा त्याचं लिव्हर बराच काळ रक्तपेशी बनवण्यात गुंतलेलं असतं. जन्माच्या सुमारास हे काम हाडांतल्या मज्जेकडं जातं. नाळ कापली की आईकडून येणारी साखर थांबते, आणि पहिल्या काही तासांतच लिव्हरला स्वतः साखर तयार करावी लागते. त्यासाठी लागणारी जनुकं तेव्हाच जोरात चालू होतात. पण सगळीच इतकी घाईनं जागी होत नाहीत. कावीळ ज्या पिवळ्या द्रव्यामुळं दिसते ते बिलिरुबिन शरीराबाहेर टाकण्याजोगं करणारं एक एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) आहे, यूजीटी१ए१. नवजात बाळात त्याचं काम मोठ्या माणसाच्या साधारण १ टक्काच असतं, आणि मोठ्यांच्या पातळीला यायला तीनेक महिने लागतात. तुमच्या नातवाला ठेवलं होतं तो निळा प्रकाश या एन्झाइमच्या जनुकाला हातही लावत नाही. तो कातडीतल्या बिलिरुबिनचा आकारच बदलतो, मग ते लिव्हरच्या त्या एन्झाइमवाचून बाहेर पडू शकतं. लिव्हर तयार होईपर्यंत मिळालेली ही सवड असते.

या सगळ्यात जनुकं तीच राहतात. कोणतं चालू, कोणतं बंद आणि किती जोरात, एवढंच बदलतं. डीएनएवर ठरावीक जागी बसणारी काही प्रथिनं हे ठरवतात (लिव्हरमध्ये एचएनएफ४-अल्फा हे त्यातलं मोठं नाव), शिवाय डीएनए कुठं घट्ट गुंडाळलाय आणि कुठं मोकळा आहे, यावरही ते ठरतं.

तिला एक गोष्ट आवर्जून सांगा. अल्फा-फीटोप्रोटीन म्हणजे एएफपी हे प्रथिन पोटातल्या बाळाचं लिव्हर भरपूर बनवतं आणि जन्मानंतर ते जवळजवळ बंद करतं. लिव्हरच्या कॅन्सरमध्ये ते अनेकदा पुन्हा चालू होतं, म्हणून मोठ्यांच्या रक्तात ते तपासतात. उंदरांची एक जात अशी सापडली की मोठं झाल्यावरही तिच्या रक्तात एएफपी इतर जातींपेक्षा जास्त राहतं. हे १९७७ मध्ये छापून आलं. त्यामागचं झेडएचएक्स२ हे जनुक हाती लागलं २००५ मध्ये. मध्ये अठ्ठावीस वर्षं गेली. या क्षेत्राचा वेग हा असा असतो आणि तो तिला मानवणार असेल तरच पुढं जावं. नीट हुकली म्हणून दुसरं काहीतरी, अशा मनानं संशोधनात गेलेली मुलं पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी फार खचतात. तुमच्या पत्रावरून तुमची लेक तशी वाटत नाही.

आता पोटाचं. याला आज किंमत का आहे, ते सांगतो. नवीन औषध लिव्हरला बाधतं का, हे माणसात देण्याआधी लिव्हरच्या पेशींवर तपासतात. स्टेम सेलपासून (ज्यांच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशींपासून) अशा पेशी प्रयोगशाळेत बनवता येतात, पण त्या बाळपणातच अडकून राहतात. एएफपी बनवत बसतात आणि औषधं पचवणारं मोठेपणीचं सीवायपी३ए४ हे एन्झाइम पुरेसं बनवत नाहीत. त्यांना मोठं कसं करायचं, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही आणि औषध कंपन्यांनाही त्याचं उत्तर हवंय. म्हणजे तिचा प्रश्न थेट बाजारात जाऊन भिडतो. तरीही खोटी आशा दाखवणार नाही. एमएस्सीची दोन वर्षं, पीएचडीची पाच-सहा, आणि प्राध्यापकाच्या जागा थोड्या. मात्र पीएचडीच्या काळात घरून पैसे पाठवावे लागत नाहीत. सीएसआयआर-यूजीसी नेट या देशपातळीवरच्या परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनासाठीची फेलोशिप मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. ती नाही मिळाली तरी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएचडीसाठीच्या फेलोशिप आहेत. तुम्ही कोणत्या प्रवर्गात बसता ते पाहून त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

खरी अडचण मला वेगळीच दिसते. तुम्ही जाताजाता लिहिलंय, ‘गणित तिनं दहावीनंतर सोडलं.’ एमएस्सी बायोटेकसाठीच्या जॅम या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेत जीवशास्त्राबरोबर बारावीपर्यंतचं गणित, भौतिक आणि रसायन असतं. गॅट-बी या बायोटेकच्याच दुसऱ्या प्रवेश परीक्षेतही तसंच. भौतिक-रसायनाची तयारी नीटमुळं झालेलीच आहे, ती वर्षं वाया गेली असं घरात कुणी म्हणू नका. गणित मात्र नव्यानं करायला हवं. अकरावी-बारावीची बालभारतीची पुस्तकं नेटवर फुकट मिळतात. मॅट्रिक्स, लिमिट, डेरिव्हेटिव्ह आणि संभाव्यता इथून सुरुवात करू दे. जनुकांचा अभ्यास आता निम्मा कॉम्प्युटरवर होतो, हजारो जनुकांची आकडेमोड असते. तेव्हा परीक्षा संपली तरी गणित सुटणार नाही.

म्हणून आता लगेच बीएडचा फॉर्म भरू नका आणि पीएचडीचे बेतही रचू नका. पुढचे सहा महिने तिला ही आवड पारखून पाहू द्या. खर्च जवळजवळ नाही. आज रात्रीच तिला यूसीएससी जीनोम ब्राउझर ही जनुकांच्या नकाशाची साइट उघडायला सांगा. तिथं माणसाच्या चौथ्या गुणसूत्रावर अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाचं जनुक शोधू दे. त्याला लागूनच एएफपीचं जनुक दिसेल. शेजारी-शेजारी दोन जनुकं, दोन्ही लिव्हरचीच, जन्मानंतर एक चालू राहतं आणि दुसरं बंद होतं. हे बघून तिला रात्री झोप लागली नाही तर समजा गाडी योग्य रुळावर आहे. मग एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवरचा आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा फुकट कोर्स, आणि जीईओ या जनुकांच्या माहितीच्या खुल्या साठ्यातून उंदराच्या लिव्हरची जन्माआधीची आणि नंतरची माहिती उतरवून तुलना. पहिल्या वेळी जमणार नाही. चौथ्या-पाचव्या वेळी जमेल.

जीवशास्त्रातल्या संशोधनासाठी पुण्याचं एनसीसीएस आणि आयसर या संस्था आहेतच, पण सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेची हैदराबादची प्रयोगशाळा सीसीएमबीही आपल्या मराठवाड्याला लांबची नाही. सीएसआयआरचा स्थापना दिन २६ सप्टेंबरला असतो, त्याच्या आसपास तिच्या बऱ्याच प्रयोगशाळा लोकांसाठी खुल्या ठेवतात. तारीख बघून तिला घेऊन जा, आणि शक्यतो तुम्ही स्वतः जा. तिथं काम करणाऱ्या मुलींशी बोललात की ‘मुलगी एवढी लांब, एवढी वर्षं’ ही तुमची काळजी जास्त नेमकी होईल, काही कमीही होईल. डीएमएलटीला मी नावं ठेवत नाही, ते प्रामाणिक काम आहे आणि त्याची वाट पदवीनंतरही खुली राहते. बीएडचंही तेच. पण शिक्षकाच्या नोकरीसाठी संस्थेला द्यायची रक्कम तुम्ही पत्रात धरलीय, ती सोयाबीनच्या पैशातून काढण्याआधी थांबा.

जॅम फेब्रुवारीत होते आणि अर्ज आधीच्या सप्टेंबरच्या सुमारास सुटतात. ती तिसऱ्या वर्षाला असताना देता येईल, म्हणजे हाताशी वर्षभर आहे. गणिताचं पहिलं पुस्तक निम्मं झालं की पुढचं पत्र तिलाच लिहू द्या. कुठं अडली ते नेमकं लिहायला सांगा, उत्तर नक्की देईन.