मॅचचं पॅकेज घेतलं, तरी आपल्या जवळच्याच टीमची मॅच टीव्हीवर का दिसत नाही?

तुमचा प्रश्न वाचला आणि मला २०१५ चा जून आठवला. तुम्ही लिहिलंय की नोकरीनिमित्त नुकतेच आयोवात, डी मॉइनला आलात. ऑफिसातल्या लोकांमुळे बेसबॉलची गोडी लागली, शिकागो कब्सच्या मॅचेस बघायच्या म्हणून वर्षाचं स्ट्रीमिंग पॅकेज घेतलं, आणि आता न्यूयॉर्क दिसतं, सिॲटल दिसतं, कब्स तेवढे दिसत नाहीत. नेटचा घोळ आहे, ॲपचा आहे की पैसेच पोचले नाहीत, असं तुम्ही विचारता.

काहीही बिघडलेलं नाही. तुम्ही जिथे राहता त्या जागेमुळे ती मॅच तुमच्यासाठी मुद्दाम बंद केलेली आहे. याला इथे ब्लॅकआउट म्हणतात. मी या शहरात सोळा वर्षं काढली आहेत आणि या एका गोष्टीवर जेवढा जीव जळलाय तेवढा इथल्या थंडीनेही जळला नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मेजर लीग म्हणजे इथली बेसबॉलची सगळ्यांत वरची स्पर्धा, तिच्यात ३० टीम्स आहेत. प्रत्येक टीमला टीव्हीसाठी एक इलाखा ठरवून दिलेला आहे. त्या इलाख्यात तिच्या मॅचेस दाखवायचा हक्क तिच्या प्रादेशिक चॅनलला असतो, त्यामुळे लीगचं देशभराचं पॅकेज तिथे ती मॅच थेट दाखवत नाही. मुंबईची टीम मुंबईत मुंबईच्या चॅनलवर बघा, असं म्हटल्यासारखं आहे. इथवर ऐकायला ठीक वाटतं. पण आयोवाला स्वतःची मेजर लीग टीमच नाही. आजूबाजूच्या सहा टीम्सनी हे राज्य आपल्या इलाख्यात धरलंय: शिकागोच्या दोन्ही म्हणजे कब्स आणि व्हाइट सॉक्स, सेंट लुईस कार्डिनल्स, कॅन्सस सिटी रॉयल्स, मिनेसोटा ट्विन्स आणि मिलवॉकी ब्रुअर्स. यातलं सगळ्यांत जवळचं कॅन्सस सिटी आपल्यापासून तीनेकशे किलोमीटर. शिकागो पाचशेच्या वर, म्हणजे पुण्याहून पणजीला जाण्यापेक्षाही लांब. तरी ती आपली ‘घरची’ टीम! एखाद्या संध्याकाळी देशात १५ मॅचेस असल्या तर त्यातल्या सहा आपल्याला बंद असू शकतात, आणि नेमक्या त्याच सहा ज्यांच्यावर इथल्या लोकांचा जीव आहे. लास व्हेगासचीही गत बरीच वर्षं हीच होती. सहा टीम्सचा दावा आणि मॅच एकीची नाही.

माझी खरी तक्रार पुढे आहे. इलाखा धरला म्हणजे तिथे मॅच दाखवलीच पाहिजे, असं बंधन टीमवर नाही. शेतावर नाव लावायचं, कुंपण घालायचं आणि पेरायचं मात्र नाही, असा हा प्रकार.

२०१५ मध्ये माझ्या बाबतीत तेच झालं. आपल्या गावात प्रिन्सिपल पार्क आहे, तिथे आयोवा कब्स खेळतात. शिकागो कब्सची ही सगळ्यांत वरची तयारीची टीम. नव्याने आलो तेव्हा मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. क्रिकेट डोळ्यांत बसलेलं, त्यामुळे बॅट्समन बॉल मारून बॅट टाकून पळतो हेच चुकीचं वाटायचं. ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने तिथल्या पायऱ्यांवर बसवून मला एकेक पिच, म्हणजे टाकलेला एकेक बॉल, समजावला. २०१४ च्या उन्हाळ्यात आम्ही तिथे क्रिस ब्रायंट आणि हावियर बाएझ या तरुण खेळाडूंना पाहिलं. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची. ब्रायंटने बॉल उंच मारला की ती तोंडाचा आ करून बघत राहायची. पुढच्या एप्रिलमध्ये ब्रायंट शिकागोला गेला, आणि आमच्या घरात तो आपल्या आळीतलाच मुलगा असल्यासारखा आनंद झाला. मी लगेच पॅकेज घेतलं.

जूनमधली एक संध्याकाळ. मुलीने गृहपाठ उरकला होता, डोक्यावर निळी टोपी, मांडीवर भडंगाची वाटी. मॅच लावली. क्षणभर मैदानाचा हिरवा रंग दिसला आणि लगेच काळा पडदा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी: तुमच्या भागात हा सामना थेट उपलब्ध नाही. तिने विचारलं, “बाबा, आपण पैसे नाही भरले का?” मी केबल कंपनीला फोन लावला. पाऊण तास गाणी ऐकल्यावर पलीकडून उत्तर आलं की कब्सचं ते चॅनल तुमच्या भागात आम्ही देत नाही. म्हणजे लीगचा नकाशा म्हणतो की तुम्ही त्या चॅनलच्या भागात येता म्हणून पॅकेजवर बघू नका, आणि केबलवाला म्हणतो की ते चॅनल तुमच्या भागात येत नाही. मी दोन्हीकडे पैसे द्यायला तयार होतो आणि दोन्हीकडे दार बंद होतं. आमच्याच गावात तयार झालेली पोरं आम्हालाच दिसेनात. हे मला त्या दिवशी लागलं, आजही लागतं.

असं का केलं असेल, याचं उत्तर केबलच्या गणितात आहे. प्रादेशिक चॅनल केबलच्या सरसकट पॅकेजमध्ये घातलं की मॅच बघणारा आणि जन्मात न बघणारा, दोघांच्याही बिलातून दर महिन्याला काही डॉलर जातात. त्या पैशावर चॅनल टीमला वर्षाला कोट्यवधी डॉलर देतं. बदल्यात त्याची अट एकच: माझ्या इलाख्यात दुसऱ्या वाटेने मॅच दिसता कामा नये. घरोघरी केबल होती तोवर हे चाललं. लोक केबल तोडायला लागले आणि पायाच खचला. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये यूट्यूब टीव्ही आणि हुलू या नेटवरून टीव्ही दाखवणाऱ्या दोन्ही सेवांनी सिंक्लेअर या कंपनीची प्रादेशिक क्रीडा चॅनल्स काढून टाकली. मार्च २०२३ मध्ये ही चॅनल्स चालवणारी सिंक्लेअरची उपकंपनी डायमंड स्पोर्ट्स दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी ३१ मेपासून सॅन डिएगो पाड्रेसच्या मॅचेस लीगला स्वतः दाखवायला घ्याव्या लागल्या. व्यवस्था कोसळली, पण तिच्यासाठी काढलेला नकाशा आहे तिथेच आहे.

लोक कोर्टात गेले नाहीत असंही नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९२२ मध्ये बेसबॉल हा राज्याराज्यांमधला व्यापार नाही असं ठरवून त्याला मक्तेदारीविरोधी कायद्यातून मोकळं सोडलं, ती सूट आजवर चालत आली आहे. २०१२ मध्ये काही प्रेक्षकांनी या ब्लॅकआउटविरुद्ध दावा लावला, जानेवारी २०१६ मध्ये तडजोड झाली. लांबच्या चाहत्याला एकाच टीमचं स्वस्त पॅकेज मिळायला लागलं. जवळच्याच्या हाती काही आलं नाही.

लॉस एंजेलिसची गोष्ट तर ऐकवत नाही. विन स्कली हे १९५० पासून डॉजर्स या तिथल्या टीमचे समालोचक. एकटे माइकसमोर बसायचे आणि शेजारी बसून गोष्ट सांगावी तसं बोलायचे. २०१४ मध्ये डॉजर्सचं नवं चॅनल निघालं, पैशावरून केबल आणि सॅटेलाइट कंपन्यांशी जमेना, आणि शहरातल्या निम्म्याहून जास्त घरांत डॉजर्स दिसायचे बंद झाले. स्कली २०१६ मध्ये निवृत्त झाले. जवळजवळ साठ वर्षं ज्यांनी त्यांचा आवाज ऐकला, त्यांतल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना त्यांचे शेवटचे तीन हंगाम घरबसल्या बघता आले नाहीत. शेवटच्या काही मॅचेस तेवढ्या एका खुल्या चॅनलवर दाखवल्या. वाद मिटायला २०२० उजाडलं. गेलेले हंगाम कुणीही परत देणार नाही.

आता स्ट्रीमिंगवाल्यांनी यात आणखी भर घातलीय. ठरावीक दिवसांच्या मॅचेस ठरावीक कंपनीला एकटीला विकतात. २३ सप्टेंबर २०२२ ला न्यूयॉर्क यँकीजचा ॲरन जज हंगामातल्या ६० होमरनवर (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) होता, एक मारला की रॉजर मॅरिसच्या १९६१ च्या अमेरिकन लीग या गटातल्या विक्रमाशी बरोबरी. त्या शुक्रवारची मॅच फक्त ॲपल टीव्हीवर. यँकीजचं स्वतःचं चॅनल रोज मॅचेस दाखवतं, त्याला ती रात्र मिळाली नाही. जजने त्या रात्री होमरन मारला नाही, पण नेहमीच्या चॅनलला पैसे भरलेल्या माणसाने तोवर काय करायचं होतं? २०२६ पासून तीन वर्षांचे नवे करार झालेत, त्यात रविवारची रात्र एनबीसीकडे, होमरन डर्बी (होमरन मारायची स्पर्धा) नेटफ्लिक्सकडे, आणि लीगचं पॅकेज विकायचं काम ईएसपीएनकडे. एका टीमच्या १६२ मॅचेस बघायला किती ठिकाणी कार्ड नंबर द्यायचा? आपल्याकडे २००७ चा कायदा आहे, महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी चॅनलला प्रसार भारतीला द्यावं लागतं, त्यामुळे भारताची मोठी मॅच गावातल्या माणसाला दूरदर्शनवर दिसते. इथे तसा कायदा नाही.

आता काय करायचं ते सांगतो. पॅकेज फक्त कब्ससाठी घेतलं असेल तर आजच रद्द करता येतं का बघा. लीगच्या साइटवर झिप कोड टाकला की कुठल्या टीम्स बंद आहेत ते कळतं, पुढच्या वेळी ते आधी बघा. कब्सचं चॅनल मार्की २०२३ पासून केबलशिवाय थेट ॲपवर मिळतं, सुरुवातीला महिन्याला वीस डॉलरच्या आसपास होतं. भाव दर हंगामात बघून घ्या. मला हे महाग वाटतं, पण निदान सरळ व्यवहार आहे. पॅकेज ठेवलंच तर मॅच संपल्यावर साधारण दीड तासाने तिचं रेकॉर्डिंग त्यात येतं. तोवर फोन बाजूला ठेवायची तयारी हवी. व्हीपीएन वापरून दुसऱ्या गावात असल्याचं दाखवायचा सल्ला तुम्हाला अनेक जण देतील. सेवेच्या अटींत ते बसत नाही, मी करत नाही.

खिडकीत लावायचा साधा अँटेना मात्र जरूर घ्या. एकदाच पैसे, आणि फॉक्सवरच्या मॅचेस फुकट. २ नोव्हेंबर २०१६ ला कब्सनी क्लीव्हलंडमध्ये अजिंक्यपदाच्या मालिकेची सातवी मॅच दहाव्या इनिंगमध्ये ८–७ अशी जिंकली, १०८ वर्षांनी वर्ल्ड सीरीज घेतली. ती आम्ही अशीच पाहिली. शेवटचा बॉल ब्रायंटकडे गेला. ओल्या गवतावर त्याचा पाय घसरला, पण फेकतानाच तो हसत होता. मुलगी सोफ्यावर उभी राहून रडत होती. वर्षभर काळा पडदा दाखवला, पण तो एक बॉल आम्हाला बघायला मिळाला.

आणि रेडिओ. लीगच्या ऑडिओ पॅकेजला ब्लॅकआउट नाही, सगळ्या ३० टीम्स ऐकता येतात, आणि त्याचे पैसेही टीव्हीच्या पॅकेजपेक्षा खूप कमी आहेत. हा नाइलाजाचा उपाय समजू नका. याच शहरात १९३० च्या दशकात डब्ल्यूएचओ रेडिओवर रोनाल्ड रेगन नावाचा तरुण नोकरीला होता, पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तोच. शिकागोहून तारेने एकेक पिचची खबर यायची आणि तो इथल्या स्टुडिओत बसून कब्सची मॅच डोळ्यांसमोर घडते आहे अशी सांगायचा. तारेच्या कडकट्टावर डी मॉइनला कब्स पोचत होते. माझ्या शेजारचे आजोबा आजही गॅरेजचं दार अर्धं उघडून, लॉनमोअर पुसत, पॅट ह्यूजचं समालोचन ऐकतात. १९९६ पासून कब्सच्या रेडिओवर तोच आवाज आहे. फटक्याचा टणत्कार, मग प्रेक्षकांचा चढत जाणारा आवाज, आणि ह्यूज सांगेपर्यंतचा तो अर्धा सेकंद. मुंबईत चाळीत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पैसे अजिबात घालायचे नसतील तर बॅटरीवरचा साधा एएम रेडिओ आणा. कब्सच्या मॅचेस ऐकवणारं शिकागोचं ६७० हे स्टेशन पन्नास हजार वॉटचं आहे, अंधार पडला की इथपर्यंत येतं. आत पत्र्यांच्या आणि वायरींच्या गर्दीत नको, मागच्या अंगणात बसा. काटा ६७० वर आणा आणि सेट हातात धरून हळूहळू फिरवा. एका कोनात खरखर खाली बसते आणि माणसाचा आवाज वर येतो. तिथे हात थांबवा.