जहाजाचे वजन आणि जहाजाचे बारसे

प्रवासी जहाजांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या वेळी निवडले आहेत. बऱ्याच पत्रांत एकाच जहाजाचा उल्लेख असल्याने उत्तरांतही ते पुन्हा पुन्हा येईल.

प्रश्न : 'आयकॉन ऑफ द सीज' या क्रूझ जहाजाचे वजन जवळजवळ अडीच लाख टन असल्याचे वाचले. 'टायटॅनिक' तर ४६ हजार टनांचेच होते. एवढे जड जहाज बंदरात शिरते तरी कसे? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आपण वाचलेला आकडा बरोबर आहे, पण तो वजनाचा नाही. 'आयकॉन'ची नोंद २,४८,६६३ अशी आहे आणि ती जहाजाच्या पोटात एकंदर किती बंदिस्त जागा आहे, हे सांगते. मध्ययुगात इंग्लंडच्या बंदरांत जहाजावर किती मद्याची पिंपे मावतात यावरून कर आकारला जाई. त्या मोठ्या पिंपाला 'टन' म्हणत आणि तोच शब्द पुढे वजनालाही चिकटला. नंतर शंभर घनफूट जागा म्हणजे एक टन असे ठरले. १९६९ साली झालेल्या आणि १९८२ पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय करारानंतर हा आकडा घनमीटरमधील आकारमानावरून एका सूत्राने काढतात व त्यापुढे 'टन' लिहीतही नाहीत. आपली वर्तमानपत्रे मात्र तो शब्द सोडायला तयार नाहीत, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

जहाजाचे खरे वजन ते किती पाणी बाजूला सारते यावरून कळते. 'टायटॅनिक'चे हे वजन सुमारे ५२ हजार टन होते, म्हणजे त्याच्या नोंदीतील ४६,३२८ या आकड्यापेक्षा जास्तच. आजच्या क्रूझ जहाजांत नाट्यगृहे, तरणतलाव आणि अनेक मजले उंच मोकळे चौक असल्याने जागा अफाट, पण त्या मानाने वजन बेताचे, असा उलटा प्रकार असतो. लांबीच पाहायची तर 'टायटॅनिक' २६९ मीटर आणि 'आयकॉन' सुमारे ३६५ मीटर, म्हणजे फरक तिपटी-चौपटीचा मुळीच नाही. वाढ झाली आहे ती रुंदीत आणि उंचीत. बंदरात शिरण्याविषयी सांगायचे तर 'टायटॅनिक'चा तळ पाण्याखाली साडेदहा मीटर असे, तर 'आयकॉन'चा जेमतेम सव्वानऊ मीटर असतो. कॅरिबियन बेटांच्या बंदरांत ये-जा करायची असल्याने तळ उथळच ठेवणे भाग असते.

प्रश्न : वीस मजल्यांची इमारत पाण्यावर ठेवली, तर ती एका बाजूला कलंडत कशी नाही? (एक विद्यार्थिनी, सातारा)

उत्तर : याची दोन कारणे आहेत आणि लोकांना त्यांपैकी एकच माहीत असते. इंजिने, इंधनाच्या आणि पाण्याच्या टाक्या तळाशी असतात व वरचे मजले पातळ पत्र्याचे, काही जहाजांत अ‍ॅल्युमिनियमचे असतात, त्यामुळे वजनाचा मध्य खाली राहतो, हे पहिले कारण. दुसरे कारण रुंदीचे. जहाज डावीकडे कलले की डावीकडचा जास्त भाग पाण्यात बुडतो, पाण्याचा वर ढकलणारा जोर त्या बाजूला सरकतो आणि तोच जहाजाला पुन्हा सरळ उभे करतो. तळ जितका रुंद तितका हा जोर अधिक, आणि 'आयकॉन' पाण्याच्या पातळीवर ४८ मीटर रुंद आहे. गंमत अशी, की हा जोर अति झाला तरी चालत नाही. असे जहाज बुडत नाही, पण प्रत्येक लाटेला झटक्यासरशी सरळ होते आणि प्रवाशांच्या हातातील चहा सांडतो. त्यामुळे जहाज पुरेसे स्थिर, पण थोडे आळशी ठेवणे यात आराखडा करणाऱ्याचे कसब असते. याशिवाय तळाजवळ दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे मोठे पंख असतात. ते खवळलेल्या समुद्रात बाहेर काढतात आणि त्यांचा कोन सतत बदलून डोलणे कमी करतात.

मात्र अशी सगळी जहाजे सारख्या हेतूने बांधलेली नसतात. फ्रान्समधील सँ-नाझेर येथे बांधलेले आणि २००४ पासून धावणारे 'क्वीन मेरी २' हे हिवाळ्यातही अटलांटिक ओलांडण्यासाठी घडवलेले असल्याने त्याचे पत्रे जाड, पुढचे टोक लांब व निमुळते आणि जीवरक्षक होड्या अधिक उंचावर आहेत. आमच्या मते देखणेपणातही ते उजवे आहे. नव्या जहाजांचे रूप पाहिले की तरंगते जलक्रीडा उद्यानच आठवते.

प्रश्न : एवढे जहाज बांधायला सुरुवात कुठून करतात? पूर्वीसारखा कणा आधी घालतात का? (एक निवृत्त अभियंता, पुणे)

उत्तर : कणा घालण्याचा समारंभ आजही होतो, पण लाकडी गलबताच्या तळाशी लांब तुळई असे, तसा वेगळा कणा आता नसतो. संगणकाच्या साहाय्याने पोलादाचे पत्रे कापून आणि जोडून प्रचंड ठोकळे तयार होतात, त्यांतच नळ आणि विजेच्या तारांचे काम शक्य तेवढे उरकतात आणि मग मोठ्या क्रेनने ते ठोकळे सुक्या गोदीत एकमेकांना जोडतात. पहिला ठोकळा गोदीत ठेवणे म्हणजेच कणा घालणे. फिनलंडमधील तुर्कू येथे 'आयकॉन'चा पहिला पत्रा जून २०२१ मध्ये कापला गेला, कणा एप्रिल २०२२ मध्ये घातला गेला, डिसेंबर २०२२ मध्ये गोदीत पाणी सोडून जहाज तरंगवले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ते मालकांच्या ताब्यात गेले. तरंगल्यानंतरचे वर्ष आतल्या सजावटीचे आणि समुद्रातील चाचण्यांचे. केबिन जहाजावर बांधत नाहीत. पलंग, न्हाणीघर, दिवे यांसह त्या कारखान्यात तयार होतात आणि कपाटात खण सरकवावेत तशा आत सरकवतात.

कणा घालताना पहिल्या ठोकळ्याखाली नाणी ठेवतात. पूर्वी ती डोलकाठीच्या बुडाशी ठेवत आणि रोमन काळातील बुडालेल्या जहाजांतही तशी नाणी सापडली आहेत. आपल्याकडे पायाभरणीत पैसा-सुपारी टाकतात, त्याचीच ही समुद्रावरची आवृत्ती म्हणता येईल.

आपण अभियंता आहात म्हणून एक खास गोष्ट. जर्मनीतील पापेनबुर्गची प्रसिद्ध गोदी समुद्रकाठी नाही, एम्स नावाच्या बेताच्या नदीवर आहे. तिथे छपराखाली बांधलेली जहाजे समुद्राकडे नेताना गांडरझुम येथील बांधाने नदीचे पाणी अडवून पातळी वाढवतात आणि जहाज चक्क उलटे, मागचा भाग पुढे करून नेतात, कारण अरुंद पात्रात ते तसे अधिक नेमके वळवता येते. दोन्ही काठांवर गायी चरत असतात आणि त्यांच्यामधून वाड्याएवढे जहाज सावकाश मागे मागे सरकत जाते.

प्रश्न : जहाजाला नाव देण्याचा मान स्त्रियांचाच असतो ना? मग 'आयकॉन'चे नामकरण फुटबॉलपटू मेस्सीने कसे केले? आणि बाटलीच का फोडतात? (एक वाचक, दादर, मुंबई)

उत्तर : स्त्रियांचा मान ही रूढी आहे, नियम नाही. सतराव्या शतकापर्यंत इंग्लंडमध्ये हा विधी पुरुष अधिकारीच करत. चांदीच्या पेल्यातून मद्याचा घोट घ्यायचा, उरलेले डेकवर शिंपडायचे आणि पेला समुद्रात टाकायचा, अशी रीत होती. दर जहाजामागे एक चांदीचा पेला परवडेना, तेव्हा बाटली आली. पुढे राजघराण्यातील स्त्रिया हा विधी करू लागल्या आणि जहाजाची 'धर्ममाता' ही कल्पना रुजली. 'क्वीन मेरी २' चे नामकरण ८ जानेवारी २००४ रोजी राणी दुसरी एलिझाबेथ यांनी साउदॅम्प्टनला केले. २०२४ मध्ये 'क्वीन अ‍ॅन'साठी लिव्हरपूलच्या पाच स्त्रिया एकत्र आल्या. त्याच वर्षी जानेवारीत मायामीत मेस्सीने एका चौथऱ्यावर चेंडू ठेवला आणि त्यासरशी यंत्राने बाटली सुटून जहाजावर फुटली. परंपरेपेक्षा जाहिरात मोठी झाली, असे ज्यांना वाटले त्यांच्याशी आम्ही सहमत आहोत.

बाटली फुटली नाही तर खलाशी अपशकुन मानतात. २००७ मध्ये 'क्वीन व्हिक्टोरिया'च्या वेळी ती फुटली नव्हती आणि ते जहाज पुढे वर्षानुवर्षे सुखरूप फिरले. 'कोस्टा कॉनकॉर्डिया'चीही फुटली नव्हती आणि २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ते खडकावर आदळून ३२ जण मरण पावले. लोकांच्या लक्षात अर्थातच दुसरे उदाहरण राहते. जोखीम नको म्हणून हल्ली बाटलीच्या काचेवर आधीच चरे पाडून ठेवतात.

आपण मुंबईचे आहात, म्हणून मुंबईच्या गोदीतील रीतही सांगायला हवी. वाडिया घराण्यातील पारशी कारागीर जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकत. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेले आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरलेले 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज असा खिळा ठोकूनच सुरू झाले होते. ते आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. आपल्या नौदलात जलावतरणाच्या वेळी अथर्ववेदातील ऋचा म्हणतात आणि हा मान सहसा स्त्रीकडे असतो. २०१३ मध्ये कोचीत 'विक्रांत'चे जलावतरण तत्कालीन संरक्षणमंत्र्यांच्या पत्नी एलिझाबेथ अँटनी यांच्या हस्ते झाले.

प्रश्न : जहाजाचे नाव बदलणे अशुभ असते का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : जुने खलाशी तसे मानत, जहाजांचे मालक कधीच मानत नव्हते. मुंबईहून गोव्याला आणि लक्षद्वीपला जाणारे 'एम्प्रेस' आपण कदाचित पाहिले असेल. १९९० मध्ये सँ-नाझेरला ते 'नॉर्डिक एम्प्रेस' म्हणून जन्मले, २००४ मध्ये 'एम्प्रेस ऑफ द सीज' झाले, २००८ मध्ये नुसते 'एम्प्रेस', २०१६ मध्ये पुन्हा 'एम्प्रेस ऑफ द सीज' आणि २०२१ मध्ये भारतात आल्यावर परत 'एम्प्रेस'. रत्नागिरीच्या वाचकांसाठी एक पुरवणी : या जहाजाची लांबी केवळ २११ मीटर असली, तरी त्याचा नोंदीतील आकडा ४८,५६३ आहे, म्हणजे जुन्या-नव्या मोजणीतला फरक सोडला तर 'टायटॅनिक'पेक्षा थोडा जास्तच.