‘मॅडम, मी अजून रडली नाही’

घरात कुणाचं लांबलेलं आजारपण असलं की माझ्याकडे येणाऱ्या बायका फिरून फिरून एकच विचारतात : “सगळे म्हणतात खंबीर राहा. मला तर आतून खचल्यासारखं होते. मी कमजोर आहे का?” उत्तर शोभाताईंच्या निमित्ताने सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

शोभाताई उत्तर नागपुरातल्या. नवरा हिंगण्याच्या एमआयडीसीत रात्रपाळीला, मुलगी बीकॉम झालेली, मुलगा दहावीत. मुलाला सिकलसेल, म्हणजे आई-बापांकडून येणारा रक्ताचा आजार; रिपोर्टात ‘एसएस पॅटर्न’, म्हणजे दोष दोघांकडूनही आलेला. आपल्या विदर्भात हा आजार घरोघरी ऐकून माहीत आहे, तरी बोलायची तयारी नसते. आई-बाप दोघंही ‘एएस’, म्हणजे नुसते वाहक (स्वतःला आजार नाही, पण दोष मुलांना देऊ शकणारे) असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक. एरवी रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस टिकते. या मुलांची विळ्यासारखी वाकडी होते आणि १०-२० दिवसांतच मोडते. बारीक रक्तवाहिनीत अशा पेशी अडकल्या की हाडं फुटल्यासारखी दुखतात. निमित्त काहीही होतं : थंडी, ताप, कमी पाणी, फार दगदग.

ताई स्वतःसाठी आल्याच नव्हत्या. “पोट्टा माझ्याशी बोलून नाही राहिला. त्याले समजवा.” मग पाठ ताठ करून म्हणाल्या, “इतक्या वर्षांत मॅडम, मी अजून रडली नाही.” हे त्या पदक दाखवावं तशा सांगत होत्या. झोप किती, विचारलं, तर पोराचा श्वास ऐकत बसतात. ॲसिडिटी रोजची. भावाला, नणंदेला, शेजाऱ्यांना कुणालाच आजार माहीत नाही. “काहून सांगू? उद्या पोरीचं लग्न कराचं आहे.”

मुलाशी वेगळं बोलले. तो म्हणाला, आई शाळेच्या सहलीला पाठवत नाही, मित्रांना घरी येऊ देत नाही, आणि दुखायला लागलं की तिचा चेहरा असा होतो की दुखतंय हेच सांगावंसं वाटत नाही. म्हणजे आई त्याच्यासाठी खंबीर आणि तो आईसाठी. एका घरात दोघं एकमेकांपासून दुखणं लपवत होते! माया दोघांचीही खरीच होती, पण तिच्यात भीती इतकी मिसळली होती की ती पोरापर्यंत पोहोचत नव्हती.

‘खंबीर राहा’ हे वाक्य मला आवडत नाही. बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘आमच्यासमोर रडू नकोस’ एवढाच असतो.

ताई पूर्वी दर रविवारी बौद्ध विहारात जायच्या, वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांत, ग्रंथवाचनाला बसायच्या. लोक पोराबद्दल विचारतील म्हणून ते सोडलं. त्रिशरणाची वंदना घरीच, मोबाइलवर लावून. एक गोष्ट मात्र सुटली नव्हती. १९५६ साली बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीवर दरवर्षी अशोक विजयादशमीला लाखोंनी माणसं येतात. ताईंच्या वस्तीतल्या बायका त्यांच्यासाठी भोजनदानाचा स्टॉल लावतात आणि पुऱ्या लाटायला ताई पहाटेपासून तिथे असतात. मी विचारलं, “जेवायला रांगेत उभी असलेली बाई तुम्हाला कमजोर वाटते का?” “नाही जी! ती तर आपली पाहुणी.” “मग तुम्ही कुणाकडून घेतलं तर?” त्यांनी विषय बदलला. मीही ताणलं नाही.

पुढच्या भेटीत त्याच म्हणाल्या, “देताना मोठं वाटते मॅडम. घेताना लाज वाटते.” त्या दिवशी रडल्या. बराच वेळ.

मग आम्ही कामाला लागलो. ‘मदत करा’ असं मोघम म्हटलं की समोरचा ‘हो हो’ म्हणतो आणि विसरतो, म्हणून नेमकी मागणी ठरवली. रात्री दोनला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर स्कूटर कोण काढेल? भरती असताना डबा कोण देईल? ताई दोन तास झोपतील तेव्हा पोराजवळ कोण बसेल? तीन कामं, तीन माणसं. पहिला फोन भावाला. तो चिडला, इतकी वर्षं सांगितलं नाही म्हणून; आणि त्याच संध्याकाळी घरी आला.

विहारातला अनुभव मात्र सगळाच गोड नव्हता. एक बाई तोंडावर म्हणाली, “लग्नाआधी रक्त तपासाचं होतं ना!” ताई तणतणत माझ्याकडे आल्या. समाज म्हणजे देवमाणसांचा मेळावा नव्हे, बोचणारं एखादं तोंड असतंच. पण त्याच विहारात दुसरी एक आई भेटली, तिची मुलगीही एसएस. दोघी आता तपासणीला बरोबर जातात. श्रद्धेबद्दलही एक स्पष्ट बोलते : वंदनेने ताईंना झोप लागते, हे मोलाचं आहे, पोराची सिकलसेलवरची हायड्रॉक्सियुरियाची गोळी आणि रक्ततपासणी मात्र डॉक्टर सांगतील तशीच. ताप चढला, छातीत दुखलं, धाप लागली तर आधी दवाखाना. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल धरलेला आहे, प्रमाणपत्राचं डॉक्टरांना विचारा, हेही मी सांगते. लपवणाऱ्या घरांचे हे हक्कही लपूनच राहतात. आणि आई-बापांनाच रात्री असह्य झालं तर टेली-मानस या मानसिक आधाराच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

मुलगा आता दुखणं शून्य ते दहा आकड्यांत सांगतो. चारपर्यंत आईने फक्त पाणी आणि ठरलेली गोळी द्यायची, चेहरा करायचा नाही, हा त्याचा नियम. मुलीचं रक्त तपासलं, ती एएस निघाली. स्थळ आलं की आधी हे सांगायचं आणि मुलाची तपासणी मागायची, असं मायलेकींनी ठरवलंय. नवऱ्याला ते मुळीच पटलेलं नाही. “स्थळं येणंच बंद होतीन,” म्हणतो. पुढच्या भेटीला रात्रपाळी करून तोही येणार आहे.