आठने भागायचं की दहाने? एका प्रश्नावर अडलास म्हणून लाइन सोडू नकोस

तुझं पत्र वाचलं. ईअँडटीसी डिप्लोमाचं शेवटचं वर्ष, ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमध्ये ट्रेनी टेक्निशियनचा इंटरव्ह्यू, बाकी सगळं बरं गेलं आणि एका प्रश्नावर गाडी अडली. जुन्या सर्व्हरमध्ये एटीए १३३ (डिस्क जोडायची जुनी पद्धत) वाली ५०० जीबीची डिस्क आहे, बाहेर एक गिगाबिटची फायबर लिंक आहे, सगळा डेटा काढायला किती वेळ लागेल? तू म्हणालास सेकंदाला एक जीबी, म्हणजे ५०० सेकंद, आठ मिनिटं वीस सेकंद. समोरचे साहेब नुसते हसले. आता बाबा म्हणतायत हार्डवेअर सोड, डेटा सायन्सचा क्लास लाव, आणि तू विचारतोयस की खरंच सोडू का, आणि नसेल सोडायचं तर हे सगळे आकडे पाठ कसे करायचे.

आधी गणित संपवू. एटीए १३३ मधले १३३ हे सेकंदाला मेगाबाइट आहेत आणि गिगाबिटमधले १००० हे मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे आठने भागून १२५ मेगाबाइट. थोडक्यात तू ज्या लिंकला डिस्कच्या साडेसातपट फास्ट समजलास ती कागदावर तिच्यापेक्षा जराशी हळूच आहे. त्यात हेडर (डेटाच्या प्रत्येक तुकड्याला लागणारी पत्त्याची माहिती) वगैरे जाऊन हातात ११७-११८ पडतात, विंडोजच्या कॉपीच्या खिडकीत तर ११२ च्या आसपासच दिसतं कारण विंडोज १०२४ च्या हिशोबाने मोजतं (५०० जीबीची डिस्क ४६५ दिसते ना, तेच कारण). पण खरी मेख पुढे आहे. १३३ हा केबलचा वेग, डिस्कचा नाही! त्या काळातली फिरती डिस्क सलग वाचताना साधारण ६० देते, म्हणजे ५०० जीबीला दोन तास वीस मिनिटं, आणि बारीक बारीक फाइल्स लाखांनी असतील तर रात्र गेली असं समज.

आता तू लिहिलंयस की गुगल करून अजूनच गोंधळलास, कुठे आठने भागतात तर कुठे दहाने. बरोबर आहे, दोन्ही आहे. पहिल्या साटावर (एटीएनंतर आलेली डिस्क जोडायची पद्धत) १.५ गिगाबिट छापलेलं असतं, आठने भागलं तर १८७ येतात पण मिळतात १५०, कारण साटा दर ८ बिटांसाठी तारेवर १० बिट पाठवतं (यालाच एन्कोडिंग म्हणतात) आणि छापलेला आकडा तारेवरचा असतो. म्हणून तिथे दहाने. मग वाटतं गिगाबिट फायबरलाही दहाने भागावं, तिथेही ८ चे १० होतातच की. तर नाही, तिथे तारेवरचा वेग मुळात १.२५ गिगाबिट आहे आणि १ हा आकडा ते वजा जाऊन उरलेला आहे, म्हणून आठने. फायबर चॅनल (सर्व्हर आणि स्टोरेज जोडणारं नेटवर्क) तर त्याहून वल्ली, ८ जी वालं तारेवर ८.५ गिगाबिटने पळतं आणि ८०० मेगाबाइट देतं, १६ जी वालं तारेवर १४.०२५ नेच पळतं आणि तरी १६०० देतं, कारण तिथून ६४ चे ६६ असं एन्कोडिंग आलं आणि वाया जाणारे बिट एकदम कमी झाले.

हे पाठ करू नकोस प्लीज. कुठलाही आकडा समोर आला की तीन गोष्टी विचारायच्या: बिट की बाइट, एन्कोडिंगच्या आधीचा की नंतरचा, आणि या साखळीत सगळ्यात हळू कोण. त्या साहेबांना बहुतेक उत्तरापेक्षा हेच हवं होतं, "सर, डिस्क प्रत्यक्षात किती देते?" असं तू उलट विचारलं असतंस तरी काम झालं असतं. कारण नोकरीत रोज हेच येतं, क्लायंट चिडून लिहितो की १० गिगची लिंक घेतली तरी बॅकअप रात्रीत संपत नाही, आणि दोष शोधायचा असतो तुला.

आयडीई-स्कझी (डिस्क जोडायच्या जुन्या पद्धती) येतं म्हणून तुला कोणी नोकरी देणार नाही हेही खरं, ते जमाने गेले. पण हा हिशोब करायची सवय एसएएस, एनव्हीएमई या नव्या डिस्क असोत की १०० गिगची लिंक, सगळीकडे तीच लागते. कॉलेजच्या लॅबमध्ये दोन लिनक्स मशीन जोड, आयपर्फने लिंक मोज (९४० मेगाबिटच्या आसपास येईल), एचडीपार्मने डिस्क मोज, दोन्ही एकाच एककात आण, मग एक मोठी फाइल कॉपी करायच्या आधी वेळ कागदावर लिही आणि घड्याळाशी ताडून बघ. सोबत सीसीएनएची (सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा) तयारी चालू कर, आणि डिप्लोमावाल्यांच्या अप्रेंटिसशिपसाठी नॅट्सच्या (केंद्र सरकारची अप्रेंटिसशिप योजना) पोर्टलवर नाव घाल. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात बरीच डेटा सेंटर्स आहेत, एका ठिकाणी झालं नाही म्हणून काय बिघडलं? नाइट शिफ्ट असते आणि सुरुवातीला पगार बेताचाच, हे मात्र घरी आधीच सांगून ठेव.

डेटा सायन्स वाईट नाही, पण तुझ्या अख्ख्या पत्रात त्याबद्दल तुझी स्वतःची एक ओळ नाही, सगळ्या बाबांच्या आहेत. त्यांना सांग की नोकरी धरली तरी डिग्री हातची जात नाही, डिप्लोमावाल्यांना इंजिनीअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला नंतरही जाता येतं. आणि क्लासची फी निदान तुझी परीक्षा होईपर्यंत तरी भरू नका.